व्याख्यान पोहोचते, रुग्णशय्या नाही : वैद्यकीय दूरशिक्षणाचा अनुभव

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाकडून रायबरेली मार्गाने गेल्यास संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था लागते. वैद्यकीय अध्यापन दूरवर पोहोचविण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांत या संस्थेचा वाटा मोठा आहे. तिचा दूरवैद्यक कार्यक्रम १९९९ मध्ये सुरू झाला. पुढे इस्रोच्या उपग्रह जोडणीद्वारे ओडिशातील कटक, बुर्ला व बेऱ्हमपूर येथील वैद्यकीय महाविद्यालये तिच्याशी जोडली गेली आणि तेथील पदव्युत्तर विद्यार्थी लखनौच्या वर्गांत दुरून सहभागी होऊ लागले.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामुळे संदेश एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो; प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सरतो. सलग व्याख्यानात हा विलंब जाणवत नाही, चर्चेत मात्र तो खटकतो. प्रकाशतंतूंनी ही अडचण बरीच दूर केली. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जालाच्या आधारे राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय जाल उभारण्यात आले. लखनौची संस्था त्याचे राष्ट्रीय साधन केंद्र ठरली, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे प्रादेशिक केंद्राची जबाबदारी आली.

या माध्यमाचा सर्वाधिक लाभ शस्त्रक्रियेच्या अध्यापनात दिसतो. शस्त्रक्रियागृहात मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास बहुधा शल्यविशारदाची पाठच दिसते; सूक्ष्मदर्शकास जोडलेला कॅमेरा त्याला थेट शस्त्रक्रियेचे क्षेत्र दाखवितो. मुद्रित पाठ थांबवून पुन्हा पाहता येतो. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही, ही त्याची उणीव सोय म्हणून दुर्लक्षिली जाते. शिवाय मुद्रणात रुग्ण असेल, तर त्याची संमती व ओळखीची गुप्तता ही औपचारिकता नव्हे. एकदा प्रसृत झालेले चित्र परत घेता येत नाही.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा देशभर व्याख्याने ऑनलाइन झाली. शरीरक्रियाशास्त्राचे विवेचन पडद्यावर चालले. वाढलेले यकृत बोटांना कसे लागते, हे पडद्यावरून शिकविता आले नाही. केवळ ऑनलाइन पद्धतीने घेतलेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमास मान्यता नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. आयोगाच्या पदवी अभ्यासक्रमात सैद्धान्तिक वर्गांसाठी किमान ७५ टक्के, तर प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के उपस्थिती अपेक्षित आहे.