भिकबाळीवर हॉलमार्क नाही, म्हणून?

गोव्यातील डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. अशा जुन्या गावांतल्या घरांत आजोबांची भिकबाळी, सलकडे किंवा गोफ अजूनही जपलेला असतो. विकत घेणारा मात्र आधी हॉलमार्क (शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का) शोधतो आणि तो दिसला नाही की दागिना खोटा ठरवतो.

भारतात सोन्याचे हॉलमार्किंग 2000 साली सुरू झाले. त्याआधीच्या दागिन्यावर तो शिक्का असणारच कसा? 1972 पूर्वीच्या पत्रावर पिनकोड नसतो, तरी पत्र खरेच असते. शिक्का नसेल तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात सोन्याचा कस पाहून घ्यावा. क्ष-किरणांच्या यंत्राने दागिना न वितळवता कस कळतो. 22 कॅरेट म्हणजे 1000 भागांत 916 भाग सोने.

जपणुकीत खरी काळजी मोत्यांची. भिकबाळीच्या बारीक तारेत ओवलेला मोती चुनखडीच्या जातीचा. लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्याचा थर झिजतो आणि तो कायमचा निस्तेज होतो. अत्तर आधी लावावे, भिकबाळी नंतर घालावी. काढल्यावर मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसून कोरडी करावी. सोन्यालाही वारंवार पॉलिश नको, त्याने जुने नक्षीकाम पुसट होते.