अर्थ शिकवायचा कुठून?

भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षी ध्वनींचा भाग मुलांच्या लवकर हाती लागतो. ओठांसमोर तळहात धरून ‘ट’ आणि ‘ठ’ म्हटलं की फरक हाताला जाणवतो. रूपांचंही तसंच, ‘घोडा, घोडे, घोड्याला’ तोडून दाखवता येतं. पंचाईत होते ती अर्थाच्या पेपरला. अर्थ डोळ्यांना दिसत नाही, आणि तो आपल्याला कळतोच असं प्रत्येकाला वाटत असतं. मग बऱ्याच वर्गांत ‘अर्थ म्हणजे काय’ याच्या पाच-सहा व्याख्या उतरवून घेतल्या जातात आणि पाठोपाठ समानार्थी, विरुद्धार्थी, अनेकार्थी शब्दांच्या याद्या येतात. या याद्या मुलांनी शाळेतच पाठ केलेल्या असतात, त्यामुळे ती वही मिटून बसतात.

माझं म्हणणं असं की अर्थविज्ञानाची सुरुवात शब्दापासून करूच नये. वाक्यापासून करावी, मुलांच्या स्वतःच्या भाषेतल्या वाक्यापासून करावी, आणि पहिले काही आठवडे एकच प्रश्न विचारत राहावं: हे वाक्य कधी खरं ठरेल आणि कधी खोटं?

पहिला तास

फळ्यावर लिहायचं: ‘पेटीत तीन आंबे आहेत.’ खाली चार पेट्या काढायच्या. एक रिकामी, एकीत दोन आंबे, एकीत तीन, एकीत पाच. प्रत्येक पेटीकडे बोट दाखवून विचारायचं, वाक्य खरं की खोटं? पहिल्या तीन पेट्यांवर सगळ्यांचं एकमत होतं. चौथीवर वर्ग फुटतो. पाच आहेत म्हणजे तीन आहेतच, असं काही जण म्हणतात. बाकीच्यांना ते वाक्य चक्क खोटं वाटतं. हा वाद त्या तासाला मिटवू नये.

त्या तासाला एवढंच लक्षात आणून द्यायचं की खरी पेटी कोणीच पाहिलेली नाही, वाक्य प्रत्यक्षात खरं आहे का हे कोणालाच माहीत नाही, तरीही ते खरं असायला जग कसं असावं लागेल हे सगळ्यांना ठाऊक आहे. विधानाचा अर्थ कळणं म्हणजे त्याच्या सत्यतेच्या अटी कळणं, ही कल्पना इथे व्याख्या न सांगता पोचते. गोटलोब फ्रेगेच्या लेखनात तिची मुळं आहेत, विट्गेन्श्टाइनच्या १९२१ च्या ‘ट्रॅक्टेटस’मध्ये ती स्पष्ट मांडलेली आहे, आल्फ्रेड टार्स्कीने १९३० च्या दशकात सत्याची काटेकोर व्याख्या दिली, आणि १९७० च्या सुमारास रिचर्ड माँटेग्यूने हीच हत्यारं माणसांच्या रोजच्या भाषेला लावून दाखवली. ही नावं पहिल्या दिवशी सांगायची गरज नाही. पण शिक्षकाला आपण कुठल्या वाटेवर आहोत हे माहीत असलं पाहिजे.

एखादी मुलगी हमखास विचारते, “सर, ‘दार लाव’ हे खरं की खोटं?” फार चांगला प्रश्न आहे. आज्ञा खरी-खोटी नसते. ती पाळली जाते किंवा पाळली जात नाही. म्हणजे तिलाही अटी आहेतच, फक्त त्या पाळल्या जाण्याच्या आहेत.

म्हटलेलं आणि सुचवलेलं

आता पाच आंब्यांकडे. यासाठी मुलांना पहिली चाचणी द्यायची: सांगितलेली गोष्ट पुढच्याच दमात मागे घेऊन बघायची. ‘काही मुलं पास झाली, खरं तर सगळीच झाली.’ हे चालतं. ‘उंदीर मेला, पण तो जिवंत आहे.’ हे चालत नाही. म्हणजे ‘मेला’मध्ये ‘जिवंत नाही’ हे वाक्याच्या अर्थातच आहे. उलट ‘काही’ ऐकून आपण ‘सगळी नाहीत’ असं जे धरून चालतो, ते बोलणाऱ्याने सुचवलेलं असतं आणि ते मागे घेता येतं. आकड्यांनाही हीच चाचणी लावायची. ‘तीन आंबे आहेत, किंबहुना पाच आहेत’ यात विसंगती नाही. दुकानदाराने ‘शंभर रुपये आहेत का?’ असं विचारलं आणि खिशात पाचशे असले तर ‘आहेत’ म्हणणारा खोटं बोलत नाही. आकड्यांबद्दल अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत आणि ते मुलांना सांगावेत. पण पुरावा कुठे शोधायचा हे त्यांना कळलेलं असतं.

हा भेद काटेकोरपणे मांडला पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने, १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत. त्यांतला सर्वांत गाजलेला भाग १९७५ मध्ये छापून आला. ऐकणारा असं गृहीत धरतो की बोलणारा सहकार्य करतोय, गरजेइतकं आणि खरं सांगतोय. ‘सगळी’ म्हणता येत असताना तो ‘काही’ म्हणाला, त्याअर्थी सगळी नसावीत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची इथे एक जमेची बाजू आहे. मराठी किंवा संस्कृत घेऊन आलेल्यांना अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती माहीत असतात. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त, म्हणजे अकराव्या शतकात, ‘सूर्य मावळला’ या अर्थाचं वाक्य घेऊन दाखवलंय की ऐकणारा कोण आणि प्रसंग कुठला, यावर सुचणारा अर्थ बदलतो. गुराख्याला ते गुरं वळवण्याची सूचना वाटेल, दुकानदाराला माल आवरण्याची. वाच्यार्थ तोच. हे उदाहरण ग्राइसच्या शेजारी जरूर ठेवावं. मात्र ‘आपल्या लोकांनी हे आधीच सांगितलं होतं’ म्हणून पुढे जाऊ नये. व्यंजनेच्या या विचाराचा पाया घालणाऱ्या आनंदवर्धनाला नवव्या शतकात काव्याचं सौंदर्य कशात आहे हे शोधायचं होतं. ग्राइसला ‘आणि’, ‘किंवा’ यांसारख्या शब्दांचा तर्कशास्त्रीय अर्थ आणि बोलण्यातला अर्थ यांतलं अंतर समजावून घ्यायचं होतं. दोघांचे प्रश्न वेगळे होते, म्हणूनच ते शेजारी ठेवले की वर्गात चर्चा रंगते.

नकाराला न हलणारं

‘वसंताने तंबाखू सोडली.’ ‘वसंताने तंबाखू सोडली नाही.’ ‘वसंताने तंबाखू सोडली का?’ तिन्ही वाक्यांत एक गोष्ट जागची हलत नाही: वसंता आधी तंबाखू खात होता. नकार दिला, प्रश्न केला, तरी जे टिकून राहतं ते पूर्वगृहीत. ही दुसरी चाचणी. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा’ असं म्हटलं आणि फ्रान्सला राजाच नसला तर वाक्य खोटं म्हणायचं की ते खरं-खोटं ठरतच नाही, हा रसेल (१९०५) आणि स्ट्रॉसन (१९५०) यांच्यातला वाद इथे पाच मिनिटांत सांगून होतो. ‘पुन्हा’, ‘सुद्धा’, ‘थांबला’ असे शब्द मुलं मग आपणहून गोळा करून आणतात.

‘च’ची जागा

अर्थविज्ञान शिकवायला मराठीसारखी भाषा मिळणं हे भाग्य आहे, असं मला मनापासून वाटतं. तरीही पाठ्यपुस्तकातली उदाहरणं इंग्रजीतून उचलली जातात. एक तास नुसत्या ‘च’ला द्यावा.

‘मी काल पुण्याला गेलो.’ यात ‘च’ फिरवत न्यायचा. ‘मीच काल पुण्याला गेलो’: दुसरं कोणी गेलं असेल तर हे खोटं. ‘मी काल पुण्यालाच गेलो’: मी आणखी कुठे गेलो असेन तर खोटं. ‘मी कालच पुण्याला गेलो’ इथे मुलं थबकतात, कारण अर्थ दोन निघतात. एक, दुसऱ्या कुठल्या दिवशी नव्हे, काल. दुसरा, अगदी अलीकडे, कालपर्यंत मी इथेच होतो. आणि ‘मी काल पुण्याला गेलोच’ म्हटलं की ‘दुसरं काही नाही’ हा भाव जवळजवळ उरत नाही. जाऊ नये असं कोणी म्हणत होतं किंवा जाणं होईल की नाही अशी शंका होती, हे त्यात येतं.

आता नकार आणायचा. ‘मीच गेलो नाही’ म्हणजे बाकीचे गेले, राहिलो तो मी. ‘मीच गेलो असं नाही’ म्हणजे मी गेलो आणि इतरही गेले. शब्द जवळपास तेच, पण पहिल्यात ‘च’च्या पोटात नकार आहे आणि दुसऱ्यात नकाराच्या पोटात ‘च’. व्याप्ती ही कल्पना अशी दिसली की नंतर सूत्रात लिहायला जड जात नाही. शेजारी ‘मीही गेलो नाही’ ठेवून बघावं: न जाणारा आणखी कोणीतरी आहे हे इथे गृहीतच आहे. शालेय व्याकरण ‘च’ आणि ‘ही’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणून एका पंगतीला बसवतं. ते नाव मुलांना पाठ असतं. नावाने जे सांगितलं जात नाही ते शोधून काढणं, हा या तासाचा आनंद आहे.

‘कोणीही’ कुठे चालतं?

‘कोणीही आलं नाही’ हे सरळ आहे. ‘कोणीही आलं’ असं एवढंच म्हटलं की कानाला खटकतं. ‘कोणीही येऊ दे’ पुन्हा ठीक. ‘एकही मुलगा आला नाही’ चालतं, ‘एकही मुलगा आला’ चालत नाही; पण ‘एकही शब्द न बोलता ती निघून गेली’ छान चालतं. म्हणजे हे शब्द जागा बघून बसतात. कुठल्या जागा?

विल्यम लाडुसॉने १९७९ च्या आपल्या प्रबंधात इंग्रजीसाठी दिलेलं उत्तर नवख्यांनाही समजतं. एरवी निष्कर्ष लहान गटाकडून मोठ्या गटाकडे जातो: ‘उंच मुलगा आला’ यावरून ‘मुलगा आला’. नकाराखाली तो उलटा फिरतो: ‘मुलगा आला नाही’ यावरून ‘उंच मुलगा आला नाही’. निष्कर्ष जिथे उलटा फिरतो, तिथे असे शब्द बसतात. हे मराठीला कितपत लागू पडतं ते मुलांनीच तपासावं: ‘तर’ असलेल्या वाक्यात ‘एकही’ चालतं का, की तिथे ‘एक जरी’ लागतं? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इथे खरं संशोधन करता येतं, आणि ते करायला घरातल्या माणसांचं बोलणं पुरतं.

तुकड्यांतून वाक्य

आपण कधी न ऐकलेलं वाक्य कसं समजतो? तुकड्यांचे अर्थ आणि ते जोडण्याची रीत, या दोहोंवरून. हे तत्त्व फ्रेगेच्या नावावर सांगितलं जातं, पण ते पटवायला विशेषणं बरी. ‘लाल गाडी’साठी दोन वर्तुळं काढावीत, लाल वस्तूंचं आणि गाड्यांचं, ती एकमेकांना छेदतात तिथे उत्तर. मग ‘लहान हत्ती’ घ्यावा. तो हत्ती आहे, पण लहान प्राण्यांच्या वर्तुळात तो मावेल का? नंतर ‘माजी आमदार’. तो आमदारांच्या वर्तुळातच नाही. ‘खोटी नोट’ कुठल्या वर्तुळात घालायची यावर वर्ग तासभर भांडतो.

हे भांडण झाल्याशिवाय अर्थ सूत्रात लिहिण्याची लॅम्डाची चिन्हं फळ्यावर आणू नयेत. आयरीन हाइम आणि अँजेलिका क्राट्झर यांचं १९९८ चं पाठ्यपुस्तक या विषयात प्रमाण मानलं जातं आणि ते आहेही उत्तम. पण साध्या वर्तुळांनी भागत नाही हे ज्याने अनुभवलंय त्यालाच त्यातल्या सूत्रांची भूक लागते. आधी सूत्रं आणि मग वाक्यं, असा क्रम लावला की चांगली मुलंही गळतात.

याच प्रश्नावर मीमांसकांत मोठा वाद झाला होता. कुमारिलाच्या पक्षानुसार शब्द आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो. प्रभाकराच्या पक्षानुसार शब्द सांगतात तोच मुळी अन्वय लागलेला अर्थ. ‘लहान हत्ती’ फळ्यावर असताना हा वाद सांगितला तर तो जुना वाटत नाही.

शब्दांचा भाग

तो शेवटी आणि थोडक्यात. नात्यांचे शब्द घ्यावेत: मामा, काका, आत्या, मावशी, दीर, नणंद. पिढी, लिंग, आईकडचं की वडिलांकडचं, रक्ताचं की लग्नाचं, एवढ्या घटकांत बहुतेक नाती बसतात. चौकातला वाहतूक पोलीस ‘मामा’ कसा होतो, हे मात्र त्या तक्त्यात बसत नाही, आणि तेही मुलांना दिसू द्यावं.

विचारायचं कसं

अर्थाची माहिती गोळा करताना ‘या वाक्याचा अर्थ काय?’ असं भाषकाला विचारून फारसं हाती लागत नाही. कॅनडातल्या सेलिश भाषांवर काम करणाऱ्या लिसा मॅथ्यूसन यांनी २००४ साली याबद्दल एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांचं सांगणं असं की आधी प्रसंग उभा करावा, मग वाक्य म्हणावं, आणि या प्रसंगी हे वाक्य बोलता येईल का, खरं ठरेल का, एवढंच विचारावं. भाषक निर्णय देतो. अर्थाचं विश्लेषण अभ्यासकाने करायचं असतं.

महाराष्ट्रातल्या वर्गात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू बोलणारी मुलं बसलेली असतात. पाच मुलांची चित्रं काढावीत, त्यांतली तीन दाराच्या आत दाखवावीत आणि विचारावं: ‘सगळी मुलं आली नाहीत’ हे खरं का? मग एकही आत नाही असं चित्र काढून पुन्हा विचारावं. उत्तरं एकसारखी आली नाहीत तर कोणाला चूक ठरवू नये. ज्याच्या घरी हे वाक्य वेगळं लागतं त्याच्याकडून तिथली आणखी वाक्यं मागावीत आणि ती त्याच्याच बोलीत फळ्यावर लिहावीत. आपली बोली शुद्ध नाही हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला तिच्यातला अर्थाचा नियम वर्गासमोर सिद्ध करायला मिळणं, हे या विषयाचं फार मोठं देणं आहे.

पेपर

परीक्षेत ‘पूर्वगृहीताची व्याख्या द्या’ विचारलं की मुलं वर्षभर व्याख्याच पाठ करतील. त्याऐवजी माल द्यावा आणि काम सांगावं. उदाहरणार्थ: ‘पाऊस अजून पडतोय’, ‘पाऊस अजून पडला नाही’, ‘अजून दोन पोळ्या वाढ’. या तिन्ही वाक्यांत ‘अजून’मुळे काय गृहीत धरलं जातं? नकाराची चाचणी कुठे लावता येते आणि कुठे येत नाही? तिन्ही ठिकाणी ‘अजून’ एकच मानता येईल का? तुमच्या बोलीत या तीन जागी एकच शब्द येतो की वेगवेगळे, ते प्रसंगासकट लिहा.