‘सर, एक बार बोल देते’

जिममध्ये नाव नोंदवताना एक फॉर्म भरायचा होता. हृदयविकार? रक्तदाब? हाडांचं, सांध्यांचं जुनं दुखणं? चालू औषधं? मी ओळीने ‘नाही’वर खुणा करत गेलो. अर्ध्या मिनिटात काम झालं.

खरं तर दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेतली चकती सरकल्याचं एमआरआयमध्ये दिसलं होतं. रोज दहा तास लॅपटॉपसमोर बसण्याचं बक्षीस! पण आता बरं वाटत होतं, आणि चौतिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांसमोर ‘माझी कंबर दुखते’ म्हणायची लाज वाटली. ट्रेनरने तोंडीही विचारलं, ‘सर, कोई तकलीफ?’ मी म्हटलं, ‘नहीं नहीं, सब बढ़िया.’

तिसऱ्या आठवड्यात डेडलिफ्ट आली. पहिल्याच सेटला कमरेत बारीकशी कळ आली. मी गप्प. त्याने वजन वाढवलं, तरी गप्प. पुढच्या सेटमध्ये बार उचलताना कमरेपासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखं झालं. तीन आठवडे अंथरुणात गेले. मोजे घालायलाही बायको लागायची. भेटायला आलेला ट्रेनर एवढंच म्हणाला, ‘सर, एक बार बोल देते.’

आमचे आजोबा इथे बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. ते सांगत, वस्तादांना प्रत्येक पोराची नस ठाऊक असे. कोणाचा खांदा कच्चा, कोण कालच तापातून उठलाय, हे सांगावं लागत नसे. आजचा ट्रेनर तासाला पंधरा-वीस जणांना बघतो. त्याला आपण सांगू तेवढंच कळणार.

आणि सांगायचं तेही नीट. आमच्या कामात कुणी ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढंच कळवलं तर आम्ही वैतागतो. कुठे, कधी, काय केल्यावर, हे लागतं. ‘गुडघा दुखतो’ यापेक्षा ‘उजवा गुडघा, खाली बसताना नाही, उठताना, आतल्या बाजूला’ असं सांगितलं तर ट्रेनर व्यायाम बदलू शकतो. माझी आई बासष्टाव्या वर्षी योगवर्गाला गेली. पहिल्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं, ‘मला मांडी घालून बसता येत नाही.’ बाईंनी खुर्ची दिली. आई आजही जाते.

औषधंही लपवू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग मुळातच कमी राहतो. मग मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बघून व्यायामाचा जोर ठरवणं चुकतं. व्यायाम करता करता बोलता येतंय का, ते बघावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने अचानक उतरू शकते. ट्रेनरला माहीत असेल, तर हात थरथरताना दिसले की तो लगेच थांबवेल. बाळंतपण, शस्त्रक्रिया, गर्भारपण हेही आधीच सांगायचं.

व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील, तर ते बहुधा स्नायूंचं नेहमीचं दुखणं. पण सांध्यात टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा जाणवला तर तिथल्या तिथे थांबून सांगा. छातीत दडपण, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर ट्रेनरशी चर्चा करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. ‘हा व्यायाम कशासाठी? याला पर्याय काय?’ असं बेधडक विचारा. पोझिशन सुधारताना हात लावलेला नको असेल, तर तसं स्पष्ट सांगा. दुखतंय म्हटल्यावर कुणी हसून ‘और दो’ म्हणत असेल, तर बार खाली ठेवा आणि दुसरा ट्रेनर शोधा.

चार महिन्यांनी, फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी खिशात घेऊन, मी त्याच जिममध्ये परत गेलो. नवा फॉर्म मागितला. या वेळी भरायला दहा मिनिटं लागली. ट्रेनरने तो पूर्ण वाचला, डेडलिफ्टवर काट मारली आणि जमिनीवर एक मॅट अंथरली. शेजारी विशीतली पोरं शंभर किलो उचलत होती, आणि मी उताणा झोपून नुसती कंबर वर उचलत होतो. लाज वाटली नाही. घरी येऊन मोजे माझे मीच काढले.