संग्राह्य कॉमिक्स आणि सट्ट्याचे समभाग

संग्राह्य कॉमिक्स म्हणजे दुर्मिळतेमुळे किंवा ऐतिहासिक महत्त्वामुळे छापील किमतीपेक्षा अधिक भावाने विकले जाणारे चित्रकथांचे अंक होत. सट्ट्याचे समभाग म्हणजे ज्यांचा बाजारभाव कंपनीच्या प्रत्यक्ष नफ्यापेक्षा भविष्याविषयीच्या अपेक्षेवर अधिक अवलंबून असतो असे समभाग होत. या दोन्हींची गुंतवणूक म्हणून तुलना विशेषतः अमेरिकेत केली जाते. तेथे १९७० च्या दशकापासून जुन्या कॉमिक्सची संघटित बाजारपेठ उभी राहिली आणि १९९० च्या दशकात तिच्यात शेअर बाजारासारखीच तेजी व घसरण झाली. दोन्ही प्रकारांत खरेदीदार पुढील खरेदीदाराच्या उत्सुकतेवर विसंबून असतो. मात्र पुरवठा, मालकी हक्क, खर्च आणि नियमन या बाबतींत त्यांच्यात मूलभूत फरक आहेत.

मूल्याचा आधार

समभाग हा कंपनीच्या मालकीतील हिस्सा असतो. कंपनीला नफा झाल्यास भागधारकाला लाभांश मिळू शकतो. कंपनी विसर्जित झाल्यास देणी फेडून उरलेल्या मालमत्तेवरही त्याचा हक्क असतो. सट्ट्याच्या समभागात हा हक्क क्षीण असतो, कारण कंपनी बहुधा तोट्यात किंवा अगदी नवी असते. तरीही तो कायद्याने अस्तित्वात असतो.

कॉमिकच्या अंकातून असे कोणतेही उत्पन्न मिळत नाही. त्यातील व्यक्तिरेखेवर चित्रपट निघाला, तरी त्याच्या कमाईतील एक पैसाही अंकाच्या मालकाला मिळत नाही, कारण स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे असतात. अंकाचा मालक केवळ छापील कागदाचा मालक असतो. म्हणून त्याचा संपूर्ण परतावा विक्रीच्या वेळी मिळणाऱ्या किमतीवर अवलंबून राहतो. याच कारणामुळे अर्थशास्त्रीय दृष्टीने कॉमिक्सची गणना टपाल तिकिटे, नाणी व चित्रे यांसारख्या संग्राह्य वस्तूंत होते.

दुर्मिळतेची निर्मिती

'ॲक्शन कॉमिक्स'चा जून १९३८ चा पहिला अंक या बाजारातील सर्वांत प्रसिद्ध अंक आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी निर्माण केलेली सुपरमॅन ही व्यक्तिरेखा त्यात प्रथम अवतरली. अंकाची किंमत १० सेंट होती. त्याच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या, परंतु आज त्यांपैकी अंदाजे शंभरच शिल्लक असल्याचे मानले जाते.

ही दुर्मिळता कोणी ठरवून घडवलेली नव्हती. त्या काळी कॉमिक्स हे मुलांचे स्वस्त करमणुकीचे साधन होते. अंक हातोहात फिरत, फाटत आणि रद्दीत जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि त्यांत असंख्य अंक लगद्यात गेले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही ठिकाणी कॉमिक्सच्या होळ्याही पेटवल्या गेल्या. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकानंतर कॉमिक्सविरोधी वातावरण आणखी तीव्र झाले. थोडक्यात, जे अंक कोणालाही जपावेसे वाटले नाहीत, तेच पुढे मौल्यवान ठरले.

दर्जा आणि प्रमाणीकरण

कंपनीचा प्रत्येक समभाग त्याच वर्गातील दुसऱ्या समभागासारखाच असतो. त्यामुळे कोणताही एक विकला गेला की सर्वांचा भाव कळतो. कॉमिक्समध्ये मात्र प्रत्येक प्रत वेगळी असते. मुखपृष्ठावरील घडी, गंजलेली पिन, पिवळा पडलेला कागद, मुलाने पेनाने लिहिलेले नाव अशा बाबींवर किंमत ठरते. 'द इन्क्रेडिबल हल्क'च्या १९७४ च्या १८१ व्या अंकात वुल्व्हरिन या व्यक्तिरेखेचे पहिले पूर्ण दर्शन घडते. त्या अंकात कापून घेण्याजोगे एक चित्र-तिकीट छापलेले होते. अनेक मुलांनी ते कापून घेतले. अशा प्रतींना आज अखंड प्रतींपेक्षा पुष्कळ कमी भाव मिळतो.

१९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यामुळे विखुरलेल्या व्यवहारांना संदर्भभाव मिळाला. २००० मध्ये सर्टिफाइड गॅरंटी कंपनी ही संस्था कार्यरत झाली. ती अंकाची तपासणी करून त्याला ०.५ ते १० या श्रेणीत गुण देते आणि तो पारदर्शक प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवते. यामुळे अंक न पाहता दूर अंतरावरून खरेदी करणे शक्य झाले आणि बाजार शेअर बाजाराच्या थोडा जवळ आला. मात्र पेटीतला अंक वाचता येत नाही. पेटी उघडली, की प्रमाणपत्र निरर्थक होते.

१९९० च्या दशकातील तेजी व घसरण

जुन्या अंकांना हजारो डॉलर मिळत असल्याच्या बातम्यांमुळे नवे अंकही भविष्यात तसेच मौल्यवान होतील, असा समज १९८० च्या दशकाच्या अखेरीस पसरला. प्रकाशकांनी या समजाला खतपाणी घातले. एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठे, चकचकीत मुलामा, सीलबंद पिशव्या आणि सोबत संग्रहासाठी पत्ते अशा युक्त्या रूढ झाल्या. १९९१ च्या 'एक्स-फोर्स'च्या पहिल्या अंकासोबत पाच वेगवेगळ्या पत्त्यांपैकी एक बंद पिशवीत दिला जाई. त्यामुळे सर्व पत्ते हवे असणाऱ्याला किमान पाच प्रती घ्याव्या लागत. त्याच वर्षी 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या पाच मुखपृष्ठांसह ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूची कथा असलेला ७५ वा अंक आला. त्याच्या सर्व आवृत्त्या मिळून सुमारे ६० लाख प्रती खपल्या.

या हिशेबातील चूक साधी होती. १९३८ चा अंक मौल्यवान ठरला, कारण तो जवळजवळ कोणीच जपला नाही. १९९२ चा अंक जवळजवळ प्रत्येकाने जपला. अनेकांनी तर एक प्रत वाचण्यासाठी आणि काही प्रती विकण्यासाठी घेतल्या. पुढे विकणारे लाखो आणि विकत घेणारे मोजके अशी स्थिती निर्माण होणे अटळ होते. लेखक नील गेमन यांनी १९९३ मध्ये दुकानदारांसमोर केलेल्या भाषणात या तेजीची तुलना सतराव्या शतकातील हॉलंडमधील ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्याशी केली होती.

घसरणीचा फटका प्रथम दुकानदारांना बसला. अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांना अंक परत न करण्याच्या अटीवर सवलतीत मिळत असत. मागणी चढी होती तोवर ही व्यवस्था सोयीची होती. मागणी ओसरल्यावर न विकलेल्या अंकांचा सर्व तोटा दुकानदारावर पडला. १९९३ मध्ये व्हॅलियंट प्रकाशनाच्या 'टुरोक' मालिकेच्या पहिल्या अंकाच्या १७ लाखांच्या आसपास प्रती निघाल्या आणि त्यांतील पुष्कळशा दुकानांतच पडून राहिल्या. पुढील काही वर्षांत हजारो दुकाने बंद झाली. त्या काळातील बहुसंख्य अंक आजही छापील किमतीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात.

मार्व्हलचे अंक आणि मार्व्हलचे समभाग

या काळात दोन्ही प्रकारच्या गुंतवणुकींची तुलना एकाच कंपनीच्या उदाहरणावरून करता येते. मार्व्हल कंपनीचे समभाग जुलै १९९१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात आले. १९९३ मध्ये त्यांचा भाव ३५ डॉलरच्या आसपास पोहोचला. कॉमिक्स व खेळाडूंच्या पत्त्यांचा बाजार कोसळल्यावर तो अडीच डॉलरच्या खाली गेला. २७ डिसेंबर १९९६ रोजी कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. पुनर्रचनेनंतर जुन्या भागधारकांच्या हाती फारसे काही उरले नाही. २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला, तेव्हा त्याचा लाभ पुनर्रचनेनंतरच्या भागधारकांना झाला.

म्हणजे १९९३ च्या तेजीत मार्व्हलचा अंक घेणारा आणि मार्व्हलचा समभाग घेणारा, दोघेही बुडाले. अंक घेणाऱ्याचे नुकसान छापील किमतीपुरते मर्यादित होते आणि अंक त्याच्याजवळ राहिला. समभाग घेणाऱ्याचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेइतके होते.

समभागांतील सट्टा

समभागांच्या सट्ट्याची उदाहरणे कॉमिक्सपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला प्रचंड भाव आला. त्या पैशातून असंख्य नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन तयार करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा समभाग ५०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपताच हा डोलारा कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बेही त्यात सापडली.

अलीकडच्या काळात नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत उतरला. जुनी पातळी पुन्हा गाठण्यास त्याला २०१५ साल उजाडले. पेट्स डॉट कॉम या कंपनीने फेब्रुवारी २००० मध्ये समभाग विक्रीस काढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यवसाय बंद केला.

जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या कंपनीचा समभाग २० डॉलरच्या खालून काही आठवड्यांत ४८३ डॉलरपर्यंत चढला आणि फेब्रुवारीत ४० डॉलरच्या आसपास आला. हे आकडे नंतरच्या समभाग-विभाजनापूर्वीचे आहेत. त्याच वर्षी कंपनीने चढ्या भावाचा लाभ घेत नवे समभाग विकून दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. प्रकाशकाने मागणी पाहून अधिक प्रती छापण्यासारखीच ही कृती होती. फरक असा, की नव्या समभागांतून आलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत जातो आणि त्यावर सर्व भागधारकांचा हक्क राहतो. जादा छापलेल्या अंकांतून मिळालेल्या पैशावर आधीच्या अंकधारकाचा काहीच हक्क नसतो.

परताव्याचे गणित

'ॲक्शन कॉमिक्स' क्र. १ ची ८.५ श्रेणीची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली. १० सेंटपासून हिशेब केला, तर ८६ वर्षांत दरसाल चक्रवाढीने सुमारे २३ टक्के वाढ दिसते. परंतु हा आकडा फसवा आहे. १९३८ मध्ये दुकानातून अंक घेऊन तो उत्तम अवस्थेत जपलेले खरेदीदार अत्यल्प होते. त्या वर्षी निघालेल्या इतर असंख्य अंकांना अशी किंमत कधीच आली नाही. केवळ टिकून राहिलेल्या यशस्वी उदाहरणांवरून सरासरी काढण्याच्या या चुकीला सांख्यिकीत अतिजीविता दोष म्हणतात. केवळ यशस्वी कंपन्यांकडे पाहून समभागांविषयी निष्कर्ष काढतानाही हीच चूक होते.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने अधिक योग्य तुलना नंतरच्या खरेदीशी होते. त्याच अंकाची ८.५ श्रेणीचीच प्रत मार्च २०१० मध्ये १५ लाख डॉलरला विकली गेली होती. म्हणजे १४ वर्षांत या श्रेणीचा भाव चौपट झाला. ही वाढ दरसाल सुमारे १० टक्के ठरते. याच काळात अमेरिकेतील ५०० मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी निर्देशांक सुमारे १,१७० वरून ५,१०० च्या पुढे गेला. ही वाढ चौपटीहून अधिक आहे आणि तीत लाभांश धरलेला नाही. या क्षेत्रातील सर्वाधिक नावाजलेला अंकही, प्रसिद्धीस आल्यानंतर घेतला असता, सर्वसाधारण निर्देशांकाच्या पुढे गेला नाही.

खर्च, रोखता आणि नियमन

समभाग काही सेकंदांत विकता येतो. भारतात २०२३ पासून व्यवहाराची पूर्तता एका कामकाजी दिवसात होते. दलाली अल्प असते. मौल्यवान कॉमिकच्या विक्रीसाठी तपासणी, विमा, वाहतूक व लिलावाची वाट पाहणे आवश्यक असते. लिलावगृहे खरेदीदाराकडून अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास अधिशुल्क घेतात. बातम्यांतील विक्रमी किमतींत ते बहुधा धरलेले असते, म्हणून विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम कमी असते.

कॉमिक्स स्वस्त, आम्लयुक्त कागदावर छापली जात. ऊन, दमट हवा आणि कसर यांमुळे कागद ठिसूळ होतो. मुंबई व कोकणासारख्या पावसाळी हवेत जतनाचा खर्च अधिक येतो. समभाग मात्र आता डिमॅट खात्यात नोंदीच्या स्वरूपात असतात.

अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर केंद्रीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे, तर समभागांवर तो २० टक्के आहे. समभागांच्या व्यवहारांवर तेथे सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशन आणि भारतात सेबी यांची देखरेख असते. कंपनीला आपले हिशेब जाहीर करावे लागतात. कॉमिक्सच्या बाजाराला असा नियामक नाही. चित्रपटाच्या अफवेने भाव चढवणे किंवा आपसात खरेदी करून कृत्रिम भाव दाखवणे यांपासून खरेदीदाराला मर्यादितच संरक्षण मिळते.

भारतातील कॉमिक्स

मुंबईतील टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. तिच्या मराठीसह अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या आणि ती १९९० मध्ये बंद पडली. अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' १९६७ पासून निघू लागली. 'इंद्रजाल'चे जुने अंक संग्राहक आवर्जून शोधतात. 'अमर चित्र कथा'ची पुनर्मुद्रणे सतत उपलब्ध असल्याने तिच्या केवळ आरंभीच्या मुद्रणांनाच संग्राह्य मूल्य येते. हे व्यवहार प्रामुख्याने जुन्या पुस्तकांची दुकाने, परस्परओळख आणि ऑनलाइन विक्री यांतून होतात.

मूल्यमापन

दोन्ही प्रकारांत भाव वाढण्याची अपेक्षा हेच खरेदीचे कारण बनले, की धोका वाढतो. सट्ट्याच्या समभागाचे मूल्य शून्यावर येऊ शकते. तथापि त्यामागील व्यवसाय यशस्वी झाल्यास वाढीला प्रत्यक्ष आधार मिळतो. कॉमिकला असा आधार नसतो. त्याची किंमत दुर्मिळता आणि त्या व्यक्तिरेखेविषयी पुढील पिढ्यांना वाटणारी आपुलकी यांवर टिकून राहते. ही आपुलकी अनेक दशके टिकू शकते, हे सुपरमॅनच्या उदाहरणावरून दिसते. मात्र संग्रहासाठी म्हणूनच मोठ्या प्रमाणावर छापलेल्या अंकांना हे मूल्य सहसा प्राप्त होत नाही, असे १९९० च्या दशकातील अनुभव दाखवतो.