अक्कलदाढेचा ठणका थांबला, तरी तपासणी हवी

लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दोन-चार दिवसांत ठणका गेला, की अक्कलदाढ विसरली जाते. पण ठणका गेला म्हणजे त्यामागचं कारण गेलं, असं नव्हे.

ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर बाकीच्या २८ दातांनी जबडा व्यापलेला असतो. जागा अपुरी पडली की ती हिरडीखाली किंवा हाडात अडकते. बहुधा पुढे कलते, कधी पार आडवी राहते.

अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्नकण साचतात, ब्रश पोहोचत नाही आणि जंतू वाढतात. हिरडी सुजते, तोंड उघडेनासं होतं. सूज ओसरली तरी पदर तसाच असतो, म्हणून दुखणं परत येतं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

दुसरं नुकसान न दुखता होतं. कललेली दाढ पुढच्या दाढेला टेकते त्या फटीत कीड लागते. कळ येते तेव्हा कीड अनेकदा खोलवर गेलेली असते आणि चावायची चांगली दाढ गमावण्याची वेळ येते. क्वचित अडकलेल्या दाढेभोवती द्रवाची गाठ वाढून हाड पोखरते.

मग प्रत्येक अडकलेली दाढ काढावी का? नाही. केवळ खबरदारी म्हणून निरोगी दाढ काढू नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००० साली सांगितलं. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला इजा झाली तर बधिरपणा येतो. तो बहुधा तात्पुरता असतो, पण क्वचित कायमचा राहतो. उलट, वय वाढतं तशी शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून निर्णय ज्याच्या-त्याच्या दाढेपुरता घ्यावा लागतो.

त्यासाठी आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. दाढेचा कल, मुळं आणि नस त्यात दिसतात. नस फार जवळ वाटली तर सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन करतात. दाढ ठेवायची ठरली, तर पुढे ठरावीक काळाने दंतवैद्य हिरडी आणि पुढच्या दाढेची मागची बाजू तपासतात. दर वेळी एक्स-रे लागत नाही, पण पहिला जपून ठेवावा: पुढे काय बदललं, हे त्याच्याशी ताडूनच कळतं.