ऊन गाळणारे कापड

पुण्या-मुंबईच्या काचेच्या कार्यालयांत पश्चिमेच्या रांगेत बसणाऱ्यांना दुपारी चारनंतरची वेळ नकोशी होते. दक्षिणेच्या खिडकीला सज्जा बराच आधार देतो, कारण भर दुपारचा सूर्य उंच असतो. पुण्यात डिसेंबरातही तो माध्यान्ही ४८ अंशांवर असतो. पश्चिमेचा सूर्य मात्र पंधरा-वीस अंशांवर उतरला की सज्ज्याखालून सरळ आत शिरतो आणि टेबलावर, संगणकावर, डोळ्यांत येतो. मग कुणी काचेला पुठ्ठा लावतो, कुणी खुर्ची फिरवून बसतो, शेवटी जाड पडदे ओढले जातात. एकदा ओढलेले पडदे दिवसेंदिवस कुणी वर करत नाही. बाहेर लख्ख उजेड आणि आत दिवसभर दिवे! ज्या उजेडासाठी एवढी काच बसवली, तोच हरवतो.

हा पेच सोडवायला जे कापड तयार झाले, त्याला या धंद्यात ‘स्क्रीन फॅब्रिक’ म्हणतात. रोलरवर गुंडाळलेला हा साधा करडा पडदा वाटतो, पण त्याचा नमुना डोळ्यांजवळ धरला की वीण दिसते. धागा काचतंतूचा किंवा पॉलिएस्टरचा असतो आणि त्यावर पीव्हीसीचा लेप असतो. विणून झाल्यावर कापडाला उष्णता देतात. त्यामुळे उभा-आडवा धागा जिथे भेटतो तिथे लेप एकमेकांना धरून बसतो आणि पडदा हजारदा वर-खाली केला तरी भोके आपला आकार सोडत नाहीत.

या कापडाचा बराचसा गुण त्या भोकांत आहे. कापडाच्या क्षेत्रफळात भोकांचा वाटा किती, हे ‘ओपननेस’ सांगतो. बाजारात १, ३, ५, १० टक्के अशी मापे मिळतात. तीन टक्के म्हणजे फारच थोडे, असे वाटेल. पण माथ्यावरच्या सूर्यबिंबाची तेजस्विता दर चौरस मीटरला सुमारे १६० कोटी कँडेला असते, आणि संगणकाच्या पडद्याची जेमतेम दोन-तीनशे. संध्याकाळी सूर्याचे तेज उतरते हे खरे, तरी त्याचे तीन टक्केही संगणकाच्या हजारो पट भरतात. म्हणून जिथे सूर्य थेट समोर येतो त्या पश्चिमेला १ टक्क्याचे कापड हवे. उत्तरेला ५ किंवा १० टक्के चालते. चारही बाजूंना एकच कापड लावणे ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि इथे अंदाज हमखास चुकतो. पांढरे कापड उन्हात स्वतःच उजळते, डोळ्यांना त्रास देते आणि बाहेरचे दृश्य धूसर करते. गडद कापड उजेड पिऊन टाकते, त्यामुळे त्यातून समोरचे झाड, रस्ता, आभाळ स्वच्छ दिसते. वाड्याच्या ओसरीवरच्या चिकाच्या पडद्याआडून रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून आतले दिसायचे नाही, तसेच हे. रात्री दिवे लागले की हा न्याय उलटतो, हे घरासाठी कापड घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. गडद कापडाची अडचण एकच: ते तापते. त्यावर उपाय म्हणून काचेकडच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि आतल्या बाजूला गडद रंग असलेली कापडे निघाली आहेत.

पण पडदा काचेच्या आत असला तर ऊन काच ओलांडून आलेलेच असते. चकाकी थांबते, उष्णतेचा मोठा भाग आतच राहतो. उष्णताही अडवायची तर कापड काचेबाहेर हवे. अबुधाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर २०१२ साली ते करून दाखवले गेले. काचेपासून काही अंतरावर उभारलेल्या सांगाड्यात, प्रत्येक मनोऱ्यावर हजाराहून अधिक घडीच्या छत्र्या आहेत. त्यांचे कापड टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे आहे. सूर्य सरकतो तशा त्या उघडतात, मिटतात. सूर्य कमी लागणारी उत्तर बाजू मोकळीच ठेवली आहे. हे सगळीकडे परवडणारे नाही, आणि उंच इमारतीवर वाऱ्याचा जोरही मोठा. म्हणून साध्या इमारतींत बाहेरचे कापड दोन्ही कडांना खाचेत धरून ठेवतात आणि वारा वाढला की ते आपोआप गुंडाळले जाईल अशी सोय करतात.

आपोआप चालणे ही चैन नाही, कारण हाताने ओढलेला पडदा पुन्हा वर जात नाही हाच मूळ रोग आहे. रेन्झो पियानो यांनी रचलेल्या, २००७ साली खुल्या झालेल्या न्यू यॉर्क टाइम्सच्या इमारतीत आतले पडदे मोटरवर चालतात. सूर्य कुठे आहे याचे गणित आणि आभाळ किती उजळ आहे याचे मोजमाप, दोन्हींवरून ते किती खाली यायचे ते ठरते. आभाळ भरून आले की पडदे वर. चार महिने ढगाळ आभाळ पाहणाऱ्या कोकणपट्टीला याहून उपयोगी धडा कोणता?

युरोपात ‘ईएन १४५०१’ हे मानक चकाकी रोखण्याच्या बाबतीत कापडाची ० ते ४ अशी प्रतवारी करते. आपल्याकडे निवड बहुधा कॅटलॉगमधल्या रंगावर होते, तीही लोक राहायला आल्यावर आणि तक्रारी सुरू झाल्यावर. ही निवड इमारतीच्या नकाशाबरोबरच, दिशेप्रमाणे व्हायला हवी. निदान एवढे तरी करावे: नमुन्याचा मोठा तुकडा मागवावा, पश्चिमेच्या काचेवर दुपारी साडेचारला लावावा, समोर संगणक सुरू करून बसावे आणि तिथे रोज बसणाऱ्याला विचारूनच कापड पक्के करावे. काच कुणाच्या डोळ्यांवर येते, हे त्यालाच ठाऊक असते.