अंधारातला कॅमेरा आणि आपलं अनुमान

गेल्या वेळी आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं पाहिली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला गाठून विचारलं, "सर, डोळा फसतो हे मान्य. पण कॅमेरा कसा फसेल? इन्फ्रारेड कॅमेऱ्यात भुतं दिसतात, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. आज तोच घेऊ.

आधी हा कॅमेरा करतो काय? इ.स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. हाच तो अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्याची मर्यादा साधारण ७०० नॅनोमीटर. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला १००० च्या आसपासपर्यंत दिसतं. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे एक गाळणी असते. रात्री ती बाजूला सरकते आणि भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. म्हणजे आपल्याला न दिसणारी बॅटरी हातात घेऊनच कॅमेरा अंधारात पाहत असतो. आणि तो उष्णता मोजत नाही, बरं का. त्यासाठी वेगळा थर्मल कॅमेरा लागतो. तेव्हा "आत्म्याचा थंडावा कॅमेऱ्याने टिपला" हे म्हणणं इथे लागूच पडत नाही.

आता गंमत पाहा. हे दिवे भिंगाला अगदी खेटून असतात. समोर चार बोटांवर धुळीचा कण आला, की प्रकाश त्याच्यावर आपटून सरळ भिंगात परततो. कण इतका जवळ, की तो फोकसमध्ये येत नाही. म्हणून त्याची पांढरी, गोल, अर्धपारदर्शक तबकडी दिसते. यालाच लोक 'ऑर्ब' म्हणतात. किडा उडत गेला तर लांब पट्टा उमटतो. घरी करून पाहा: अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर जुनी चादर झटका. शंभर 'आत्मे' उतरतील.

नैयायिक इथे काय विचारतील? व्याप्ती दाखवा! धूर आणि अग्नी आपण स्वयंपाकघरात एकत्र पाहिलेले असतात, म्हणून डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं. पांढरा गोळा आणि आत्मा एकत्र कुणी, कुठे पाहिले? गोळा आणि धूळ मात्र आपण आत्ताच चादरीने एकत्र दाखवली. कॅमेऱ्याने गोळा दाखवला, हे खरं. 'आत्मा' हा शब्द आपण जोडला.

म्हणून कॅमेरा निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात चेस्टरफील्ड इथे मृतात्मवाद्यांची वसाहत आहे. तिथे काळोख्या खोलीत मृतात्मे देह धारण करून येतात, अशी ख्याती होती. १९६० साली संशोधक अँड्रिया पुहारिच आणि 'सायकिक ऑब्झर्व्हर' या पत्राचे संपादक टॉम ओनील यांनी ते अवरक्त प्रकाशात चित्रित केलं. दोघेही निंदक नव्हते. ओनील तर श्रद्धावान. चित्रणात काय दिसलं? आत्मे शून्यातून प्रकट होत नव्हते. झिरझिरीत कापड पांघरलेली हाडामांसाची माणसं दारातून आत येत होती. ओनील यांनी हे आपल्याच पत्रात छापलं आणि जाहिराती गमावल्या. श्रद्धा असणं हा दोष नाही, मंडळी. आपण चुकलो असू तर ते कळावं, अशी सोय ठेवायची की नाही, हा प्रश्न आहे. ओनील यांनी ती ठेवली.

शेवटी एक घरचं सांगतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात दाराच्या कॅमेऱ्यात रोज रात्री पांढरं काहीतरी हलायचं. घरातल्या विधवा जाऊबाई नुकत्याच राहायला आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ही आल्यापासून सुरू झालंय." आम्हाला बोलावलं तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. आम्ही स्टुलावर चढून पाहिलं: भिंगासमोर कोळ्याचा एक धागा वाऱ्याने हलत होता. रुमालाने पुसला. त्या रात्रीपासून काही दिसलं नाही. महिन्याभराने त्या बाई मात्र माहेरी निघून गेल्या.

एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण त्या घरात तसं काही घडलंच नव्हतं. फक्त एक अनुमान घाईने उच्चारलं गेलं होतं. भिंग पुसता येतं, बोललेलं पुसता येत नाही. म्हणून तर्कशास्त्र शिकायचं.

पुढच्या वेळी शब्दप्रमाण घेऊ. नमस्कार.